शुभेच्छुकांच्या यादीतलं माझं नाव

नोकरीला लागले त्या दिवशी मला दोन गोष्टी मिळाल्या, टेबलाच्या खणाची किल्ली आणि नियमांचं पुस्तक. किल्ली मी आठवड्याभरात हरवली. पुस्तक मात्र पुढची सगळी वर्षं माझ्याबरोबर फिरलं. सुट्टीत घरी येतानाही ते बॅगेत असायचं आणि त्यावरून माझा धाकटा भाऊ मला यथेच्छ चिडवायचा. "ताय, पोथी आणलीस का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

माझी संस्था अनेक देशांनी मिळून चालवलेली होती. कचेरी परदेशात. मी तिथे कागदपत्रांच्या विभागात होते. आलेले मसुदे तपासायचे, चुका काढायच्या, टाइप करून पुढे पाठवायचे, एवढंच माझं काम. गावात मात्र मी मोठी साहेबीण होते. पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव. बाप मी शाळेत असतानाच गेला आणि आईनं मिठागरावर मीठ वाहून आम्हा दोघांना वाढवलं. त्या घरातली पोरगी विमानानं येते-जाते म्हटल्यावर ती तिकडे नेमकं काय करते, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

त्या पुस्तकात नोकरीबाहेरच्या कामांबद्दल एक अख्खं प्रकरण होतं. संस्थेचा माणूस कुठल्या एका देशाचा, पक्षाचा किंवा गटाचा नाही, तो सगळ्यांचा. म्हणून त्यानं बाहेर काही करायचं तर आधी विचारायचं. काम पगारी असो की फुकटचं. जाहीर भाषण, मानसन्मान, भेटवस्तू, सगळ्याला परवानगी लागे. मत द्यायला मोकळीक होती, पण निवडणुकीत कुणाचा प्रचार करायचा नाही, आणि संस्थेचं नाव तर कुठल्याच कामासाठी वापरू द्यायचं नाही. रुजू होताना या सगळ्याखाली मी सही केली होती.

माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांना हे जाचक वाटायचं. मला आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. मिठागरावर मुकादमाची मर्जी हाच नियम असतो. आज एकीला सावलीला बसू दिलं, उद्या तिलाच हाकललं. संध्याकाळी आई मिठानं चिरलेल्या पायांना खोबरेल लावत बसायची, तेव्हा आज मुकादम कसा होता हे तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. अशा घरातून गेलेल्या मुलीला, सगळ्यांना सारखा लागू होणारा छापील नियम बघून काय वाटलं असेल! सगळ्यात वरच्या साहेबाला जे कलम, तेच मला. मी ते पुस्तक भक्तीनं वाचायचे, त्यामुळे भावाचं पोथी म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

एका सुट्टीत गावानं माझा सत्कार ठरवला. शाळेच्या मैदानात शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. मी म्हटलं, आधी लिहून परवानगी मागवावी लागेल, महिना-दीड महिना जाईल. "नारळ घ्यायला परवानगी? मग फोडायला किती महिने?" असं कुणीतरी पारावर म्हणालं आणि ते वाक्य वर्षभर माझ्या मागं लागलं. आईनं मात्र एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उपासाच्या माणसाला कांदा चालत नाही हे सांगावं त्या सुरात ती सगळ्यांना सांगायची, "तिला नाय चालत." पुढचं विचारायची कुणाची हिंमत नसे.

नव्वदच्या दशकाचा तो मध्य होता. ग्रामपंचायतीत बायकांच्या जागा राखीव झाल्या होत्या आणि आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांना आली. आमच्या आळीला नळ नव्हता. गावच्या दुसऱ्या टोकाचा एकच नळ, तोही थोडा वेळ यायचा, आणि हंडा लावायच्या आधी भांडणात पहिला नंबर लावावा लागायचा. त्या भांडणात आईचा आवाज सगळ्यात मोठा. तेव्हा आळीतल्या बायकांनीच तिला धरलं, की तूच उभी राहा, नाहीतरी रोज भांडतेसच, तेच पंचायतीत जाऊन भांड. आई तयार झाली. तिला निशाणी मिळाली कपबशी.

नेमकी त्याच वेळी मी सुट्टीवर आले होते. आईला वाटलं, लेक बरोबर मोक्याला आली. पहिल्याच सकाळी ती नवी साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल गो, येक फेरी मारून येव. तू संगती आसलीस म्हंजे मना बोलाया बरा."

मी म्हटलं, "आई, मला नाही येता येणार. प्रचाराला मला चालत नाही."

"आगो, मी परकी हाय का?"

"आईसाठीसुद्धा नाही चालत."

गावाला दटावून सांगायचं ते वाक्य आज तिच्याच दारात आलं होतं. मग तिनं पदर खोचला. "बरा. भाकऱ्या त करशील ना? त्याला चालतंय?"

आणि लाज वाटते सांगायला, पण मी खरंच विचारात पडले. प्रचाराला निघालेल्या पाच-सात बायकांसाठी भाकऱ्या भाजणं हे राजकीय काम धरायचं की नाही? शेवटी, आईच्या भाकऱ्या करीन, बाकीच्यांचं त्यांनी बघावं, असा तोडगा मी काढला. आई फिदीफिदी हसली आणि एकटीच निघून गेली. मी चुलीपाशी बसून रडले. घराघरांतली पोरं आपापल्या आयांबरोबर मिरवत होती, ज्यांच्या आया उभ्या नव्हत्या तीसुद्धा, आणि मी पीठ मळत होते.

भित्रेपणाला माझ्याकडे कारण होतं. त्याच वर्षी माझा करार संपत होता. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरायचं होतं, आणि त्यात वागणुकीबद्दल एखादा वाकडा शेरा आला तरी संपलं असतं. आईचं मिठागर माझ्या नोकरीनं सुटलं होतं. नोकरी गेली असती तर त्या वयात ती पुन्हा टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली असती. मला नुसतं विचारतीही ना ती. सकाळी उठले असते तर घरात नसती.

भाऊ धाटावच्या कंपनीत होता आणि रोह्यात खोली घेऊन राहायचा. पत्रकांचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं, कारण रोह्यातल्या छापखान्यात त्याची ओळख होती. मतदानाला चार दिवस उरले असताना पहिली शिफ्ट उरकून तो दुपारी फटफटीवर आला. मागे सुतळीनं बांधलेला गठ्ठा. हात न धुताच त्यानं सुतळी सोडली आणि पहिलं पत्रक माझ्या हातात दिलं. "बघ ताय. तुझ्या कचेरीत तरी येवढं छान छापतात का?"

पत्रक छान होतं. मध्ये कपबशी, वरती मोठ्या ठळक अक्षरांत आईचं नाव, तिचं स्वतःचं, मग आमच्या बापाचं, मग आडनाव. नळाबद्दल दोन ओळी. आणि खाली 'शुभेच्छुक'. त्याखालची पहिलीच ओळ माझी होती. माझं पूर्ण नाव, पुढे 'आंतरराष्ट्रीय अधिकारी', आणि पुढे माझ्या संस्थेचं नाव, माझ्या पाकिटावरून मराठीत उतरवून काढलेलं, एकही चूक नाही.

मी पत्रक त्याच्यापुढे धरलं. "हे कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? सगल्यांच्याच पत्रकावर नावं आसतात. मामाचं हाय, मावशीचं हाय. तुझं नाय टाकलं त लोक म्हनतील, लेकीचं न आयचं वाजलंय."

त्याचं खरंच होतं. आमच्याकडे शुभेच्छुकांच्या यादीतून माणूस गळलं की त्याचा अर्थ गाव आपल्या मनानं लावतं. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, संस्थेचं नाव? तर तो हसायला लागला. "तुझा साहेब काय धरमतरच्या जेट्टीवर येनार हाय पत्रक वाचायला?"

"कुणी बघणार नाही म्हणून चालतं, असं त्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही," मी ओरडले. "मी सही केलीय. जाळून टाक हा गठ्ठा."

आई ओटीवर बसली होती. तिच्या पहिल्यावहिल्या पत्रकाबद्दल मी असं बोलले, तिच्या देखत. ते वाक्य आजही आठवलं की मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते. आईनं एक पत्रक उचललं, भावापुढे धरलं आणि विचारलं, "हितं तिची वल कंची?" त्यानं फुरंगटून बोट ठेवलं. ती ओळ तिनं नीट बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी पेणला गेले आणि टेलिफोन बूथवरून रोह्याच्या छापखान्यात फोन लावला. माझं नाव काढून पत्रकं पुन्हा छापून द्या म्हटलं. मालक म्हणाला, "बाई, निवडणुकीचा हंगाम आहे. माझी सख्खी आई उभी असती तरी आठ दिवस थांब म्हटलं असतं." मी पेणच्या बाजारात उन्हात दोन तास उगीच हिंडले. घरी कुठल्या तोंडानं जायचं कळत नव्हतं. पत्रकं वाटली तर माझी नोकरी, नाही वाटली तर आईची निवडणूक.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आई ओटीवर पाय पसरून बसली होती. समोर काळ्या शाईची बाटली, हातात खराट्याचा हीर, त्याच्या टोकाला वातीचा कापूस गुंडाळलेला. आणि तिच्याभोवती, अंगणात, तुळशीच्या कठड्यावर, उपड्या टोपल्यांवर, सगळीकडे पत्रकं वाळत घातलेली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवलेला. सुकट वाळत घालावी तशी ती ओळीनं मांडली होती. आईची बोटं काळी, कपाळावर शाईचा फराटा.

"बग," ती म्हणाली. "तुझं नाव कुठं ऱ्हायलंय का बग."

मी एक उचललं. शुभेच्छुकांतली पहिली ओळ काळी कुळकुळीत झाली होती, नाव, अधिकारी, संस्था, सगळं. खालची मामा-मावशीची नावं शाबूत. काम इतकं नीटस होतं की माझ्या टाइपरायटरला जमलं नसतं. मग माझी नजर वर गेली. कपबशीच्या वर, जिथं आईचं नाव होतं, तिथं पहिलाच शब्द उरला होता. पुढचे दोन काळे.

दुसरं उचललं, तेच. तिसरं, तेच. सगळ्या पत्रकांवर तेच होतं.

"आई, हे वरचं का खोडलंस?"

"थितं बी तुझं नाव व्हतं," ती म्हणाली, मोठ्या अभिमानानं. "तुझ्या भावान नाय दावलं, त्याच्या ध्यानान नाय आलं. पन मी वलखलं. तुझ्या पाकिटाच्या पाठी रोज बगतंय मी."

तेव्हा मला उलगडा झाला. मी पत्र पाठवायचे तेव्हा पाकिटाच्या मागे माझं पूर्ण नाव मराठीत लिहायचे, पोस्टमनला सोपं जावं म्हणून. पत्र भाऊ वाचून दाखवायचा आणि घेऊन जायचा. पाकिटं आई ठेवायची, देव्हाऱ्याच्या मागे. वाचता येत नव्हतं, पण त्या तीन शब्दांचा आकार तिनं बघून बघून पाठ केला होता. जगातल्या सगळ्या लिहिण्यातलं तिला ओळखू येणारं तेवढंच होतं. आणि त्यातले शेवटचे दोन शब्द तिच्याही नावात येतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं नाव ती तोंडानंही घेत नसे. कागदावर कुठून ओळखणार?

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आई, ते तुझं नाव होतं. हा पहिला शब्द तू, मधला आपला बाबा, शेवटचं आडनाव. माझं आणि तुझं पुढचं सगळं एकच आहे."

तिनं पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "माझं? येवढं मोठं?" मग तिला मधला शब्द आठवला आणि तिनं काळा हात तोंडावर मारून घेतला. "आगो बाय! तुझ्या बापाला बी काला केला मी!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली. हसता हसता मला रडू फुटलं. जी एकच गोष्ट तिला वाचता येत होती ती तिनं सकाळपासून बसून, एकेका कागदावरून, स्वतःच्या हातानं पुसली होती, माझी नोकरी राहावी म्हणून. मी तिला म्हटलं, मला माफ कर, मी जाळून टाक म्हणाले. ती म्हणाली, "येडी का काय? जाललं आसतं त वाटलं काय आसतं?"

पत्रकं तशीच वाटली गेली. भावानं कपाळाला हात लावला, की नुसत्या पहिल्या नावानं बाईला कोण ओळखणार? आणि झालंही तसंच. गावात ती आमची आय होती, कुणाची वयनी, कुणाची काकी. तिचं स्वतःचं नाव निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. दारोदारी बायका विचारायच्या, "ही कंची गो?" आणि आई सांगायची, "मीच ती." संध्याकाळी घरी येऊन ती हे मला रंगवून सांगायची आणि मी भाकरी थापता थापता ऐकायचे. लग्न होऊन आल्यापासून एवढ्या वेळा स्वतःचं नाव घेतलं नव्हतं, असं ती म्हणाली.

मतदानाच्या आदल्या सकाळी ती म्हणाली, "निवडून आले त सई करावी लागंल. मना आंगठा नाय लावायचा." मी पुस्तकातली सगळी कलमं मनात चाळली आणि मग चाळणं सोडून दिलं. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तिला तिचं नाव शिकवलं, तिन्ही शब्द. मधला शब्द ती न बोलता गिरवायची. दोन दिवसांत तिला तिन्ही येऊ लागले. बाहेरचं हे एक काम मी परवानगी न मागता केलं आणि कुठल्याही अर्जात कधी लिहिलं नाही.

नियमाप्रमाणे मला मत देता आलं असतं. पण परदेशी राहते म्हणून मतदारयादीतून माझं नाव केव्हाच निघालं होतं, त्यामुळे तेही राहिलं. निकालाआधीच माझी सुट्टी संपली. आई निवडून आली हे मला भावाच्या पत्रातून कळलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी कायम झाले.

पुढच्या सुट्टीत मला रहिवासाचा दाखला हवा होता म्हणून पंचायतीत गेले. आमच्या आळीला तोवर नळ आला होता. ग्रामसेवक सज्जन माणूस. दाखला लिहिता लिहिता त्यानं हळूच तक्रार केली, "ताई, जरा आईंना समजावा. वर्षभर सांगतोय, पूर्ण सही करा म्हणून. ऐकत नाहीत." त्यानं सभेची वही उघडून दाखवली. पानोपानी इतर सदस्यांच्या लांबलचक सह्या, आणि त्यांच्यात एकच शब्द, जाड, वळणदार, शिरोरेघेवर जोर दिलेला. आईचं पहिलं नाव. पुढे काही नाही.

घरी आले तेव्हा आई ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "तिन्ही शब्द येत होते तुला. विसरलीस?"

"इसरीन कशी? लिवून बगतंय घरान रोज." तिनं सूप खाली ठेवलं. "आगो, थितं मी भांडतंय. सरपंचाला बोलतंय, कदी शिवी बी जाती. त्या दोन शब्दांना नाय चालत ना ता. ते तुझ्या नोकरीचं हायेत. म्हनून मी ते घरानच लिवतंय."

मी तिला समजावणार होते, की नियम माझ्यापुरता आहे, तुला नाही, बाबाचं नाव तुझंच आहे, बिनधास्त लिही. तोंड उघडलंही. पण ती अशा काही निश्चिंत चेहऱ्यानं बघत होती, की आपण लेकीचं काहीतरी जपलंय, वर्षभर, कुणाला कळू न देता. मी सूप बाजूला सारलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.